बिनपाठीचा कोट

त्याचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं आणि तिथेच राहिलं. अख्खा रस्ता त्याला ‘हलूनका’ म्हणायचा. फोटो काढताना त्याने गिऱ्हाइकाला ‘हसा’ असं कधी सांगितलं नाही. हसायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, असं त्याचं म्हणणं. हलणं मात्र त्याला खपत नसे. मान जरा इकडे, हनुवटी खाली, खांदा सैल, असं करत करत माणूस नीट रचून झाला, की तो कॅमेऱ्यामागे जायचा आणि कळवळून म्हणायचा, "आता हलू नका." रस्त्यातून जाताना वात्रट पोरं मागून तेच ओरडायची, आणि हा भला माणूस सवयीने जागच्या जागी थांबायचा.

त्याचा स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. पुढे रस्त्याकडे काच, आणि मागच्या भिंतीच्या जागी पडदा. पडद्यावर संगमरवरी जिना रंगवलेला, दोन बाजूंना खांब आणि कोपऱ्यात कारंजं. रंगवणाऱ्याला जागा कमी पडली असावी, कारण जिना रुबाबात वर जाऊन थेट एका खांबात घुसला होता. त्यावरून कोणी खरंच चढला असता तर कपाळमोक्ष ठरलेला. पण फोटोत तो भाग गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे झाकला जायचा. पडद्यापलीकडे हलूनकाचं घर होतं: शेगडी, खाट, भांड्यांची फळी आणि बायको. घराला दुसरं दार नव्हतं. जेवायच्या वेळी काढलेल्या फोटोंत कारंज्यातून वाफ आल्यासारखी दिसे, आणि गिऱ्हाइकं खूश होत.

पडद्याइतकाच महत्त्वाचा होता तो कोट. काळा, चकचकीत बटणांचा, आतून पांढऱ्या शर्टाची छाती आणि लाल टाय कायमचा शिवून टाकलेला. लुकडा असो की ढेरपोट्या, तो कोट सगळ्यांना बेतून शिवल्यासारखा बसायचा. याचं कारण इतकंच, की त्याला पाठ नव्हती. पुढून हात घालायचे आणि मागे नाड्या बांधायच्या. लुकड्याला आवळून, जाड्याला सैल. फोटो पुढून निघतो, मग मागचं कापड वाया कशाला घालवायचं? धंद्यातली ही साधी युक्ती होती, आणि गिऱ्हाइकंही नाड्या बांधताना हसून घ्यायची.

फक्त एक माणूस हसला नव्हता, कारण त्याला ती युक्ती कळलीच नव्हती. ते म्हणजे हलूनकाचे सासरे.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, आता वाचनालयाचे अध्यक्ष. ताठ मान, नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. माणसाला पाहताक्षणी ते त्याला शब्दांच्या कप्प्यात टाकत. हे कप्पे त्यांनी स्वतः तयार केले होते आणि विचारणाऱ्याला, न विचारणाऱ्यालाही, ते समजावून सांगत.

"प्रतिष्ठित म्हणजे कोण? ज्याला दुसरा माणूस दार उघडून देतो. घरंदाज म्हणजे ज्याच्या घरचं दार उघडायलाच वेळ लागतो, इतकं आत काही असतं. बरे लोक आपलं दार आपण उघडतात. साधे म्हणजे ज्यांचं दार उघडंच असतं. आणि किरकोळ…" इथे ते थांबत आणि डोळे मिटत. "किरकोळ म्हणजे ज्यांच्या घराला दाराऐवजी पडदा असतो."

आता असा पडदा सगळ्या ओळखीपाळखीत कोणाच्या घराला होता, हे सांगायला नको.

अण्णांना तीन मुली. थोरला जावई पूल बांधायचा, मधला दातांचा डॉक्टर. दोघांनाही अण्णा भरल्या तोंडाने ‘जावईबापू’ म्हणत. "या जावईबापू, बसा जावईबापू." धाकटीने मात्र आपल्या मनाने हलूनकाशी लग्न केलं. त्याला अण्णा हाक मारत, "अहो फोटोवाले." त्यात राग नव्हता. भाजीवाल्याला आपण भाजीवाले म्हणतो, तितक्याच सहज ते म्हणत, आणि तेच हलूनकाला जास्त लागे.

"म्हणेनात का," धाकटी म्हणायची. "तुम्हाला काय त्या शब्दाची भाकरी करून खायचीय?"

"खायची नाही. एकदा ऐकायचाय," हलूनका म्हणायचा. मागायला गेलं तर एवढीशी गोष्ट, पण तिच्यासाठी त्याचा जीव वर्षानुवर्षं टांगणीला लागला होता. घरगुती समारंभांत तो सगळ्यांचे फोटो काढायचा, म्हणून स्वतः एकाही फोटोत नसायचा. अण्णांच्या बैठकीच्या खोलीत मुली, जावई, नातवंडं असा मोठा फोटो होता. त्यात हलूनकाची सावली तेवढी आली होती, कोपऱ्यात, अंगठ्याएवढी.

मग वाचनालयाने ठरवलं, की अध्यक्ष म्हणून अण्णांचा फोटो भिंतीवर लावायचा. आधीचे अध्यक्ष तिथे ओळीने टांगलेले होतेच. सगळे कोटात, सगळे गंभीर, सगळे खिडकीकडे कोणी पैसे बुडवून पळून चालल्यासारखे बघत. अण्णांच्या अंगाला उकाड्याने घाम फुटे म्हणून ते कोट घालत नाहीत, असं घरात सांगितलं जाई. खरी गोष्ट अशी, की अण्णांकडे कोट नव्हताच. प्रतिष्ठित माणसाने ही गोष्ट परक्या स्टुडिओत कशी सांगायची? शेवटी एका दुपारी ते धाकट्या मुलीच्या घरी आले आणि काचेकडे बघत म्हणाले, "अहो फोटोवाले, तुमच्याकडे कोट असतो म्हणे."

हलूनकाचे पाय जमिनीला लागेनात. त्याने अण्णांचा सदरा उतरवून घेतला, कारण सदऱ्यावर तो कोट नीट बसत नसे, आणि कोट समोर धरला. सांगणारच होता, की मागे नाड्या आहेत. पण अण्णांनी हात पुढे केले, मान वर केली आणि डोळे मिटून घेतले. कचेरीत त्यांनी पाहिलं होतं: मोठे साहेब स्वतः कोट घालत नसत, शिपाई त्यांना घालून देई आणि साहेब तोवर भलतीकडे बघत. त्या साहेबांनाही कोट मागून घालत, इथे तर पुढून घालत होते. अण्णांना हा जास्तच मान वाटला. नाड्या बांधताना त्यांना पाठीत गुदगुल्या झाल्या, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही.

फोटो झकास आला. अण्णा त्यात इतके प्रतिष्ठित दिसत होते, की धाकटीने आपल्या बापाला आधी ओळखलंच नाही. फोटो मोठा केला, चौकटीत बसवला आणि वाचनालयात पोचवला. आता त्यावर झाकलेलं कापड तेवढं दूर व्हायचं राहिलं होतं.

समारंभाच्या दिवशी सकाळी अण्णांचा निरोप आला: "फोटोत कोट आहे, तेव्हा अंगावरही कोट पाहिजे. संध्याकाळी घालायला येतो. तयार ठेवा."

हलूनकाचं धाबं दणाणलं. "आता त्यांना सांगावं लागणार," तो म्हणाला.

"सांगा की."

"तू सांग. तुझे वडील आहेत."

"कोट तुमचा आहे," धाकटी म्हणाली, पण बोलता बोलता तिने जुना काळा परकर काढला, फाडला आणि कोटाला पाठ लावायला सुई ओवली. संध्याकाळपर्यंत झालंही असतं. पण प्रमुख पाहुणे, कोणी बडे वकील, वेळेच्या फारच आधी येऊन बसले, आणि अण्णा वाचनालयाच्या चिटणिसांना घेऊन भर दुपारीच दारात हजर झाले. धाकटीची सुई अजून पहिल्या टाक्यात होती.

"चला, आटपा," चिटणीस म्हणाले. "वकीलसाहेब खोळंबलेत."

अण्णांनी सदरा काढला, हात पुढे केले, डोळे मिटले. हलूनकाने कोट चढवला, नाड्या बांधल्या. मागून पाहिलं तर तीन गाठी, त्यांच्यामध्ये अण्णांचा बनियन, आणि बनियनला खांद्याखाली रुपयाएवढं भोक. चिटणिसांसमोर हे कसं बोलायचं? तो अण्णांच्या कानाशी जाऊन कुजबुजला, "अण्णा, जरा थांबता का? मागे एक…"

"मागचं मागे," अण्णा म्हणाले आणि तरातरा रस्त्यावर उतरले.

पुढचं हलूनकाने विचार करून केलं, असं म्हणता यायचं नाही. त्याने पडद्याची दांडी खिळ्यांवरून ओढून काढली, एक टोक बायकोच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं, आणि संगमरवरी जिना घेऊन दोघं अण्णांच्या पाठीशी धावले.

चिटणिसांनी वळून पाहिलं. "हे काय?"

"फोटोत अण्णांच्या मागे हाच पडदा आहे," हलूनका धापा टाकत म्हणाला. "समारंभातही हाच हवा. सारखं दिसतं."

चिटणिसांना ते पटलं. मोठ्या माणसांच्या गोष्टीत फार खोलात जायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

अशी ती वरात निघाली. पुढे छाती काढून अण्णा, शेजारी चिटणीस, आणि वीतभर मागे, चार पायांवर चालणारा जिना. लोक दुकानांतून बाहेर आले. एका म्हाताऱ्याने तर नाटक कुठे आहे म्हणून विचारलं. अण्णा एरवी कोणाकडे बघत नसत, पण आज कोट होता. डावीकडे कोणी नमस्कार केला की ते डावीकडे वळत, आणि मग अख्खा जिना गरकन फिरवून उजव्या बाजूच्या लोकांपासून त्यांची पाठ झाकावी लागे. आतल्या टोकाला हलूनका होता, त्याचं भागत होतं. बाहेरच्या टोकाला धाकटी होती, तिला प्रत्येक नमस्काराला पळावं लागे.

"वळायच्या आधी सांगा तरी," ती दातओठ खात म्हणाली.

"मला कुठे माहीत, ते कुठे वळणार?"

नाक्यावर वारा सुटला. पडदा फुगला आणि दोघांना फरफटत फळवाल्याच्या गाड्यापर्यंत घेऊन गेला. तेवढा वेळ अण्णांची पाठ उघडी होती. गल्लीच्या तोंडाशी एक म्हैस उभी होती, तिने ती पाहिली. बाकी कोणी पाहिली असेल तर अजून बोललेलं नाही. दोघं जिना सावरत परत पाठीशी आले. अण्णांनी मान वळवली नाही. फक्त त्यानंतर त्यांनी कोणाला नमस्कार केला नाही आणि चालही जरा हळू केली. बाहेरच्या टोकाला तेवढाच आराम पडला.

इकडे हलूनकाचं घर रस्त्यावरून आरपार दिसत होतं: शेगडी, खाट, वाळत घातलेली चादर. अण्णांच्या व्याख्येने बघायचं तर ते जोडपं त्या दुपारी किरकोळमधून साध्यात गेलं होतं, पण हे लक्षात घ्यायला तिथे कोणी नव्हतं.

वाचनालयात चिटणिसांनी बसायची चोख व्यवस्था केली होती. पुढच्या सोफ्यावर चिठ्ठी होती ‘प्रतिष्ठित’. तिथे वकीलसाहेबांची मंडळी, आणि दोन्ही थोरले जावईबापू मांडीवर हात ठेवून बसलेले. मागच्या खुर्च्यांवर ‘निमंत्रित’. त्यामागे बाकांवर ‘इतर’. अण्णांना मंचावर, वकीलसाहेबांशेजारी, उंच पाठीच्या खुर्चीत बसवलं, आणि पाठ खुर्चीला टेकताच हलूनकाचा जीव भांड्यात पडला.

"पडदा द्या इकडे, आम्ही भिंतीला लावतो," चिटणीस म्हणाले. "तुम्ही दोघं बाहेर थांबा."

"आम्ही इतरांत बसतो की," धाकटी म्हणाली.

"इतरसुद्धा बोलावलेले आहेत, बाई. जागा नाही."

दोघं दाराबाहेर उभी राहिली. धाकटीचं डोकं तापलं होतं. मंचावर बाप दिसत होता, आणि बाप तिच्याकडे बघत नव्हता. हलूनका मात्र अपमानाचा विचार करत नव्हता. त्याचं लक्ष भिंतीकडे होतं. फोटो मंचामागच्या भिंतीवर टांगला होता. कापड दूर करायचं म्हणजे उठायचं, वळायचं आणि सगळ्या सभेला पाठ दाखवायची.

भाषणं झाली. प्रत्येक वक्ता म्हणाला, की अण्णा हे घरंदाज, प्रतिष्ठित आणि खानदानी व्यक्तिमत्त्व आहे. तिन्ही शब्दांत फरक काय हे कोणी सांगितलं नाही. एरवी अण्णांनी मधेच उठून सांगितला असता, आज ते गप्प होते. मग वकीलसाहेब म्हणाले, "आता अध्यक्षांनीच स्वहस्ते कापड दूर करावं."

अण्णा उठेनात. खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिले.

हलूनकाला राहवलं नाही. तो दारातून आत घुसला आणि मधल्या वाटेने मंचाकडे धावला. चिटणिसांनी हात आडवा घातला.

"अहो, कुठे निघालात? तुम्ही किरकोळ कामाची माणसं, तुम्हाला बाहेर सांगितलंय ना?"

तो शब्द सगळ्या सभेला ऐकू गेला. अण्णांनाही गेला. आयुष्यभर त्यांनी तो दुसऱ्यांसाठी वापरला होता, पण तो समोरून येताना कसा दिसतो हे बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. खरं म्हणजे त्यांना काही करायची गरज नव्हती. पाठ दुखते म्हणून सांगितलं असतं तर वकीलसाहेबांनी कापड काढलं असतं, आणि प्रतिष्ठा जिथली तिथे राहिली असती.

"चिटणीस," अण्णा म्हणाले, "त्यांना येऊ द्या. ते आमचे जावईबापू आहेत."

चिटणिसांनी सोफ्याकडे पाहिलं. "जावईबापू तर इथे बसलेत."

"ते थोरले. हे धाकटे जावईबापू."

"पण यांच्या हातात पडदा होता."

"होता," अण्णा म्हणाले. "का होता, ते दाखवतो." आणि ते उठले, आणि सभेकडे पाठ करून उभे राहिले.

तीन नाड्या, बनियन आणि ते भोक. अण्णा भिंतीकडे तोंड करूनच, पण खणखणीत आवाजात बोलले, "मंडळी, माझ्याकडे कोट नाही. जो आहे तो पुढून कोट आहे आणि मागून माझा जावई आहे. घरापासून इथवर माझी अब्रू यांनी आणि माझ्या लेकीने हातात धरून आणली. तुम्ही त्यांना बाहेर उभं केलंत. त्यात तुमची काही चूक नाही, ही शिकवण माझीच."

हलूनका मंचावर पोचला होता. ज्या शब्दासाठी एवढी वर्षं जीव टाकला तो दोनदा कानांवर पडला होता. डोळे भरून आले. मधली नाडी सुटून लोंबत होती. ती हातात घेऊन त्याने जे तोंडात आलं ते म्हटलं.

"अण्णा, हलू नका."

सभेत हशा पिकला. इतर हसले, मग निमंत्रित हसले, आणि शेवटी प्रतिष्ठितांनीही इकडेतिकडे बघून हसून घेतलं. वकीलसाहेबांनी मात्र आपली खुर्ची हळूच भिंतीला टेकवून घेतली. का, ते आजवर कोणाला कळलं नाही.

घरी परतल्यावर अण्णा खाटेवर बसून चहा पीत होते. पडदा वाचनालयातच राहिला होता, म्हणून येणारे-जाणारे डोकावून बघत होते.

"तुम्हाला कधी कळलं?" धाकटीने विचारलं.

"नाक्यावर. वारा लागला, पाठ थंडगार पडली."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

अण्णांनी चहा फुंकला. "तुम्ही दोघं पळत होता ना. माझ्या मागे इतकं कोणी कधी पळालं नव्हतं. बरं वाटत होतं, म्हणून गप्प बसलो." मग बशीत बघत म्हणाले, "जावईबापू, उद्या आणखी एक फोटो काढायचा. बैठकीच्या खोलीत लावायला."

"कोट घालून?"

"कोट घालून. पण मागून. आणि नाड्या बांधताना तुम्ही त्यात पाहिजे. कॅमेऱ्याची कळ धाकटी दाबेल."

तो फोटो अजून आहे. अण्णांची पाठ, बनियन, भोक, आणि नाडीची गाठ मारत कॅमेऱ्याकडे तोंड वळवलेला हलूनका. फोटो जरा हललेला आहे, कारण कळ दाबताना ‘हलू नका’ म्हणायला धाकटीला सुचलं नाही. पाहुणे विचारतात, हा कसला फोटो, यात अण्णांचं तोंड कुठे आहे? अण्णा सांगतात, "तोंड वाचनालयात आहे. इथे आमचे धाकटे जावईबापू आहेत."